हार बेचाळीस

वडील छापखान्यात कटिंगला होते.
शनिवारी त्यांच्या बंडीच्या खिशातून
लग्नपत्रिकांची कात्रणं निघायची.
एका बाजूला गणपतीची अर्धी सोंड,
छापील झेंडूच्या हाराचा तुकडा,
चि. सौ. कां. मधलं नुसतंच ‘कां.’
दुसरी बाजू कोरी,
बोट फिरवलं की चीं वाजणारी.

दुकानात कार्डांचं पाकीट पाच रुपयांना.
त्यावर गोरे पैलवान, चकचकीत चड्ड्या,
दंड इतके इंच, नंबर अमुक.
आमच्या बोळात पाच रुपये
कुणाच्याच चड्डीत नव्हते.

मी कात्रणं पट्टीनं मापली,
कोपरे नेलकटरनं गोल केले,
आणि माणसं शोधायला
उत्तरेश्वर पेठेच्या बाहेर जावं लागलं नाही.

बंडा गोली : उंची सहा फूट,
अडवलेल्या पेनल्ट्या अकरा,
हरलेल्या फायनल तीन,
शिव्या मोजल्या नाहीत.
गंगावेशीच्या कट्ट्यावरची म्हैस, नाव चंदी :
वजन साडेपाचशे, दूध नऊ लिटर, राग शून्य.
इर्शादची आत्या, कांडपवाली :
मिरची दिवसाला चाळीस किलो,
शिंका शून्य.

नियम एकच. ज्याचा आकडा मोठा
त्यानं समोरच्याचं कार्ड न्यायचं.
मला खेळात घेत नव्हते,
पोरगी म्हणून.
पण टाकसाळ माझी होती.
बंडा गोली मी सात वेळा काढला,
सातव्याचं नाक पहिल्याशी जुळत नव्हतं,
तरी चालायचा.
एका गोलीला तीन म्हशी, असा भाव होता.

मग केरबा पैलवान काढला.
वजन त्र्याण्णव. कुस्त्या दोनशे सहा.
जिंकल्या एकशे पासष्ट.
हार एकेचाळीस.

तालमीच्या पायरीवर बसलेल्या केरबानं
एका संध्याकाळी हाक मारली.
पोरं पळाली. मी राहिले,
पायातली चप्पल तुटलेली म्हणून.
कार्ड हातभर लांब धरून तो बघत होता.
‘ह्ये तू काढलंस?’
मान हलवली.
‘कान झ्याक जमल्यात.’
मग बराच वेळ काही नाही.
आत कुणीतरी हौद्यातली माती उकरत होतं.

‘आकडा चुकलाय, बाळ.
शिरोळच्या मैदानात पंचानं माझा हात वर केला.
पाठ माझीच लागल्याली.
धुरळ्यात कुणाला दिसलं न्हाई.
फेटा बांधला, नारळ दिला, हलगी वाजली.
रात्री नळावर बसलो तवा
पाठीची माती निघता निघंना.
तिकडचा एक काढ, हिकडं घाल.’

घरी ब्लेडनं खरवडलं.
एकशे चौसष्ट. बेचाळीस.
तेवढ्या जागेची चकाकी गेली,
कागद केसाळ झाला,
शाई जरा फुटली.

दुसऱ्या दिवशी केरबा संभा चौगुलेच्या हातात.
त्याचे बाकीचे पत्ते संपलेले,
इर्शादकडे एकोणीस.
संभानं ओठ चावला आणि बोलला :
‘हार.’
पोरं फिसकन हसली. हार कोण बोलतं?
‘बेचाळीस.’
बंडा गोलीचे तीन.
चंदीला तो रकानाच नव्हता,
आत्यालाही नव्हता.
एकेक कार्ड संभाच्या मांडीकडं सरकत गेलं.
बोळातले दिवे लागेपर्यंत भांडण चाललं.
हरल्यालं जिकतंय व्हय?
कुठल्या गावाचा कायदा हा?
शेवटी सगळे टाकसाळीकडं आले.
मी भाकरीचं पीठ चाळत होते.
म्हटलं, मोठा आकडा तो मोठा.
तुम्हीच केलाय नियम.

त्या आठवड्यात एका केरबाला
पाच गोली पडत होते.
संभा रोज दारात.
‘वैजू, अजून दोन काढ की. बेचाळीसवालं.’
काढले असते.
कात्रणं होती, पेन होतं,
कान तर आता डोळे मिटूनही जमले असते.
पण थेट बेचाळीस लिहिलेला केरबा
मला खोटा वाटायला लागला.
आधी एकेचाळीस लिहायचा,
मग ब्लेड घ्यायचं,
आणि एवढं ब्लेड
आई हातात देत नव्हती.